जिन्यातल्या दिव्याचा हिशेब

प्रस्तावना

गिरगावातल्या आमच्या चाळीच्या जिन्यात एक दिवा होता. साठ वॉटचा, पिवळा, वर पत्र्याची टोपी. संध्याकाळी सातला तो लागे आणि सकाळी सातच्या सुमारास, दूधवाला येऊन गेल्यावर, कुणीतरी बंद करी. या ‘कुणीतरी’मध्येच सगळी गोम होती. दिवा मालकाच्या मीटरवर होता आणि त्याचे पैसे भाड्याबरोबर सगळ्या बिऱ्हाडांकडून सारखे वसूल होत. त्यामुळे सकाळी नऊ वाजता लख्ख उजेडातही तो जळताना दिसे आणि त्याच्याखालून पन्नास माणसे कामावर जात. हीच माणसे आपापल्या खोलीत मात्र कमालीची दक्ष. आमच्या आजीचे तर असे, की शेवटचा घास तोंडात जायच्या आत स्वयंपाकघरातला दिवा मालवलेला. लाईटबिल आले की ती ते वडिलांच्या आधी वाचत असे, आणि मागच्या महिन्यापेक्षा दोन रुपये जास्त दिसले की घरात चौकशी आयोग बसे.

माणसे तीच, वीजही तीच. खोलीत काटकसर आणि जिन्यात उधळपट्टी. विजेच्या अर्थशास्त्राचा पहिला धडा मला या जिन्याने दिला. काटकसर माणसाच्या स्वभावात असते असे आपण धरून चालतो आणि म्हणून ‘वीज वाचवा’ अशा पाट्या लावतो. माझे म्हणणे असे की, मीटर कुणाच्या नावावर आहे, दर कसा लावला आहे आणि घर कसे बांधले आहे, या तीन गोष्टी स्वभावाहून जास्त ठरवतात. हे पुस्तक त्या तीन गोष्टींचे आहे. त्यातली उदाहरणे गिरगाव, दादर, परळ, लालबाग या भागांतली आहेत, कारण हा मुलूख मी पायाखाली घातलेला आहे. शिवाय विजेची मागणी कशी जन्माला येते हे बघायला याहून चांगली जागा नाही.

मुंबईच्या रस्त्यांवर गॅसचे दिवे लागले ते १८६५ साली. लालबागेतल्या गॅस कंपनी लेनच्या नावात त्या काळाची खूण अजून उरली आहे. विजेचे दिवे १८८२मध्ये क्रॉफर्ड मार्केटात लागले, पण ते लावणारी कंपनी वर्षभरात बुडाली. वीजधंद्याची मूळ अडचण अशी, की वीज पोत्यात भरून ठेवता येत नाही. केवळ दिव्यांसाठी यंत्र बसवले तर ते संध्याकाळी चार-पाच तास चालणार आणि उरलेला दिवस भांडवल खात बसून राहणार. १९०५ साली बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज ही कंपनी (पुढची ‘बेस्ट’) निघाली, तिच्या नावातच या अडचणीवरचा तोडगा होता. ट्राम दिवसा धावणार, दिवे रात्री लागणार, यंत्र एकच. ७ मे १९०७ रोजी विजेची पहिली ट्राम धावली. शिकागोत सॅम्युअल इन्सल याच सुमारास हाच मंत्र जपत होता : वेगवेगळ्या वेळी वीज लागणारी गिऱ्हाइके एकत्र बांधा, म्हणजे प्रत्येकाला ती स्वस्त पडते.

पण बेटावरची खरी मोठी गिऱ्हाइके गिरण्या होत्या. त्यांच्यासाठी टाटांनी १९१० साली जलविद्युत कंपनी काढली, १९११मध्ये लोणावळ्याला धरणाची कोनशिला बसली आणि १९१५ साली खोपोलीहून वीज मुंबईत आली. त्यामागोमाग १९२२मध्ये भिवपुरी आणि १९२७मध्ये भिरा. गिरण्यांतली कोळशाची बॉयलरे हळूहळू थंडावली. घरांना वीज मिळाली ती एका अर्थी गिरण्यांच्या पाठीवर बसून. दिवसभर चालणाऱ्या चात्यांनी तारांचा आणि धरणांचा खर्च उचलला नसता, तर आमच्या जिन्यातला दिवा एवढ्या लवकर लागला नसता.

ही वीज म्हणजे पाणी. पूर्वेकडे कृष्णेच्या खोऱ्यात जाणारे पाणी सह्याद्रीच्या माथ्यावर अडवून पश्चिमेला कोकणात सोडायचे, अशी ही योजना. पडण्याची उंची सुमारे पाचशे मीटर. शाळेतल्या पदार्थविज्ञानाने हिशेब मांडा : एक युनिट वीज व्हायला या उंचीवरून नऊशे लिटरच्या आसपास पाणी पडावे लागते. म्हणजे महिन्याला शंभर युनिट वापरणाऱ्या घरासाठी नव्वद हजार लिटर. पाच माणसांच्या कुटुंबाला माणशी दिवसाला १३५ लिटर धरले, तर महिन्याचे पाणी वीस हजार लिटरच्या आसपास होते. नळाचे पाणी आपल्याला दिसते, म्हणून बादली भरून वाहू लागली की आपण धावतो. बटणामागचे पाणी त्याच्या चौपटीहून जास्त, पण ते दिसत नाही. मुळशीच्या लोकांना मात्र ते दिसले होते. याच योजनेच्या धरणात भातशेती आणि गावे जाणार म्हणून १९२१ साली त्यांनी सत्याग्रह केला आणि सेनापती बापट त्यांच्यापुढे उभे राहिले. जमीन गेली ती गेलीच. परळच्या गिरणीतला दिवा आणि मुळशीचे बुडालेले शेत एकाच तारेच्या दोन टोकांना होते. आज या शहराला पुरणाऱ्या विजेत पाण्याचा वाटा लहान आहे आणि बरीचशी वीज कोळशाची आहे. तिथे एका युनिटमागे अर्धा ते पाऊण किलो कोळसा जळतो. टोक बदलले तरी तार तीच.

उजेड स्वस्त झाला की माणसे सुखी होतात, हा समज गिरणगावाने फार लवकर खोटा ठरवला. १९०५च्या सुमारास गिरण्यांत विजेचे दिवे आले. तोवर कामाचा दिवस सूर्याच्या हाती होता. अंधार पडला की चात्या थांबत. दिवे आल्यावर मालकांनी कामाचे तास तेरा-चौदापर्यंत आणि काही ठिकाणी त्याहूनही पुढे ताणले. कामगार चिडले, दंगे झाले, चौकशी बसली आणि अखेर १९११च्या कारखाना कायद्याने कापडगिरण्यांतल्या पुरुष कामगारांसाठी बारा तासांची मर्यादा घातली. अर्थशास्त्राच्या भाषेत सांगायचे, तर वस्तू स्वस्त झाली आणि तिचा वापर वाढला. हा वाढलेला वापर कुणाच्या तरी झोपेतून कापून घेतलेला होता, हे मात्र त्या भाषेत मावत नाही.

विल्यम स्टॅनली जेव्हन्स या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने कोळशावरचे आपले पुस्तक १८६५मध्ये छापले. मुंबईत गॅसबत्त्या लागल्या ते हेच वर्ष. त्याचा सिद्धान्त सरळ होता : वाफेचे यंत्र कमी कोळशात जास्त काम करू लागले की कोळशाचा एकूण खप घटत नाही, वाढतो, कारण ते काम स्वस्त होते आणि सगळीकडे पसरते. कमी वॉटच्या दिव्यांबाबतही हेच होते का, या प्रश्नाला पुस्तकात एक अख्खे प्रकरण दिले आहे. थोडक्यात उत्तर : थोडेसे होते. साठ वॉटचा गोळा काढून नऊ वॉटचा एलईडी लावणारे घर एकाऐवजी दोन दिवे लावते, देव्हाऱ्यात बारा महिने दिव्यांची माळ ठेवते. तरी दोन नव्वे अठराच. साठावरून अठरावर आलो, हेही नसे थोडके. धोका आहे तो वाचलेल्या पैशातून आणि वाढलेल्या पगारातून घरात येणाऱ्या नव्या यंत्रांचा.

१८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला. त्यानंतर गिरणगावचे काय झाले हे अनेकांनी लिहिले आहे. विजेच्या बाजूने कुणी फारसे पाहिले नाही. चात्यांची मागणी दिवसरात्र सारखी असे, उन्हाळा-पावसाळा तिला ठाऊक नसे. लोअर परळला गिरण्यांच्या जागी जी काचेची कार्यालये आणि मॉल उभे राहिले, त्यांची मागणी उन्हाच्या पाऱ्याबरोबर चढते-उतरते. मे महिन्यात आणि ऑक्टोबरच्या उकाड्यात ती शिगेला जाते, पावसाच्या पहिल्या सरीला कोसळते. मागणीची बेरीज वाढली हे खरेच, पण तिचा आकारही बदलला. वीजधंद्यात पैसा जातो तो या आकारापायी. वर्षातल्या मोजक्या तासांच्या शिखरासाठी वीजकेंद्र, तारा, रोहित्रे सगळे उभे करून ठेवावे लागते आणि त्याचा खर्च बाराही महिने बिलात येतो. लग्नाच्या एका दिवसासाठी दोनशे पाटांचे घर बांधावे, तसे हे आहे.

म्हणून पहाटे चारचे युनिट आणि मे महिन्यातल्या शिखराच्या तासाचे युनिट, दोन्ही मीटरवर एक असे उमटतात, पण दोन्हींची किंमत एक नसते. घरातल्या साध्या मीटरला घड्याळ कळत नाही. स्मार्ट मीटरला कळते. त्याबद्दल मुंबईत बरेच वादंग झाले आणि होत आहेत; त्यातल्या शंका मी उडवून लावलेल्या नाहीत. केंद्राने २०२३मध्ये केलेल्या नियमांत सौरवीज भरपूर असते त्या तासांत दर उतरवण्याची आणि मागणी चढते त्या तासांत तो चढवण्याची तरतूद आहे. हे घरोघरी पोचले, तर पंप केव्हा लावायचा आणि धुण्याचे यंत्र केव्हा फिरवायचे याला पहिल्यांदाच रुपयांत अर्थ येईल. प्रश्न एवढाच, की दुपारी घरात असते कोण? नोकरीवर जाणाऱ्या जोडप्याला दुपारची स्वस्त वीज म्हणजे बंद दाराबाहेरची खिरापत.

आता बिलाकडे येऊ. कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतच्या बेटावर वीजपुरवठा मुख्यतः बेस्टचा. ७ ऑगस्ट १९४७ रोजी, स्वातंत्र्याच्या आठवडाभर आधी, ही कंपनी महापालिकेकडे आली. बेस्ट वीज बनवत नाही, विकत घेऊन पुरवते. ट्राम १९६४मध्ये बंद झाली, पण वीज आणि वाहतूक यांची १९०५ची जोडगोळी टिकली. पुढे बसचा तोटा विजेच्या गिऱ्हाइकाने भरावा का, हा वाद वर्षानुवर्षे चालला; काही काळ बिलात त्या वसुलीचा वेगळा आकारही होता. बसने जाणारी मोलकरीण आणि एसी लावणारा तिचा मालक यांच्यातला तो एक न बोललेला करार होता, असे माझे मत आहे. तो वाजवी होता की नाही, यावर वाचकांनी भांडावे. मात्र बस स्वस्त ठेवायची तर पैसे कुठून तरी येणार, एवढे विसरू नये.

दर ठरवतो महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग. घरगुती दर पायरीपायरीने चढतो : शंभर युनिटांपर्यंत एक, मग तीनशेपर्यंत, मग पाचशेपर्यंत, मग त्यापुढे. इथे मला दोन प्रकारची माणसे भेटली. शंभरावर एक युनिट गेले की सगळ्याच बिलाला वरचा दर लागतो, अशी पहिल्यांची पक्की समजूत असते. तसे नाही. वरचा दर वरच्याच युनिटांना लागतो, खालची खालच्याच दराने राहतात. दुसरी माणसे एकूण रकमेला एकूण युनिटांनी भागतात आणि ‘एक युनिट वाचवले तर एवढेच वाचतात’ म्हणतात. तेही चूक. वाचवलेले युनिट नेहमी सगळ्यांत वरच्या पायरीचे असते, म्हणजे सगळ्यांत महाग. बचतीचा भाव सरासरीने काढायचा नसतो, शेवटच्या युनिटाने काढायचा असतो. याचीच दुसरी बाजू अशी, की ऐंशी युनिटांत भागवणाऱ्या लालबागच्या खोलीला बचतीचे प्रवचन ऐकवण्यात काही मतलब नाही. तिच्याकडे वाचवायला फार उरलेलेच नाही.

मग वाचवायचे कुठे? दिव्यांची लढाई बरीचशी जिंकून झाली आहे. सरकारी घाऊक खरेदीत एलईडी दिव्याची किंमत २०१४मधल्या ३१० रुपयांवरून दोन-तीन वर्षांत ३८ रुपयांवर आली. एवढी घसरण प्रवचनांनी कधी झाली नसती. आता वर पाहा, पंख्याकडे. मुंबईच्या घामट हवेत पंखा दिवसाला सोळा तास सहज फिरतो. जुना पंखा पंचाहत्तर वॉट घेतो, नव्या बीएलडीसी मोटरचा तीसच्या आसपास. फरक पंचेचाळीस वॉट. सोळा तास, तीस दिवस : एकवीस युनिटे आणि वर सहा दशांश. आता आमच्या जिन्यातला तो दिवा आठवा. साठ वॉट, बारा तास, तीस दिवस : तीही एकवीस युनिटे आणि वर सहा दशांश. म्हणजे ज्या दिव्यावरून चाळीत पिढ्यान्‌पिढ्या कुरबुर झाली, तो सबंध महिना बंद ठेवला असता तर जे वाचले असते, तेच एक पंखा बदलल्याने वाचते आणि कुणाला अंधारात जिना चढावा लागत नाही. खोपोलीच्या पाण्यात मोजायचे, तर दहा हजार लिटरचे जवळजवळ दोन टँकर, एका पंख्यामागे, दर महिन्याला.

इतके सरळ असताना लोक पंखा का बदलत नाहीत? आळस हे उत्तर सोपे आणि चुकीचे आहे. नवा पंखा महाग, आणि हातात रोख असते तेव्हा फी भरायची असते किंवा गावी जायचे असते. पंखा कुरकुरत का होईना, चालू असतो, आणि चालू वस्तू टाकणे आपल्याकडे पाप. भाडेकरू म्हणतो, पंखा मालकाचा. मालक म्हणतो, बिल भाडेकरूचे. नव्या इमारतीत पंखे, पंप, लिफ्ट बिल्डर घेतो तेव्हा तो खरेदीची किंमत बघतो. पुढची पंधरा वर्षे बिल भरणारे त्या खरेदीला हजर नसतात. हा पुन्हा जिन्यातलाच दिवा. निवडणारा एक आणि भरणारा दुसरा, अशी जिथे फारकत असते तिथे वीज गळते.

ही फारकत आता फार मोठ्या प्रमाणावर होऊ घातली आहे. वरळी, नायगाव आणि ना. म. जोशी मार्गावरच्या बीडीडी चाळी १९२०च्या दशकातल्या. खोली १६० चौरस फुटांची. तिथल्या माणसांना ५०० चौरस फुटांची घरे मिळत आहेत. वरळीतल्या पहिल्या ५५६ घरांच्या किल्ल्या ऑगस्ट २०२५मध्ये दिल्या गेल्या. शंभर वर्षे सार्वजनिक संडासाच्या रांगेत उभ्या राहिलेल्यांना हे मिळायलाच हवे होते, आणि त्यांनी आता एसी लावू नये असे सांगण्याचा अधिकार मलबार हिलला तर मुळीच नाही. पण चाळीची काही वीजबचत भिंतींत बांधलेली होती, हेही मान्य करू या. चाळीच्या सामाईक गॅलरीत वारा खेळे, दार दिवसभर उघडे असे, मे महिन्यात निम्मी चाळ गच्चीवर झोपे. टॉवरमध्ये दार बंद आणि वारा यंत्राचा. पाणी वर चढवायला पंप, माणूस वर चढवायला लिफ्ट, वाहनतळात दिवसाढवळ्या दिवे. दीड टनाचा एसी तासाला साधारण एक युनिट खातो. एका रात्रीचे आठ तास म्हणजे जुन्या पंख्याचा जवळपास आठवडा. घरातली माणसे तीच, सवयीही त्याच. घर बदलले की मागणी बदलते. म्हणून बचतीची चर्चा बटणापाशी सुरू करून चालणार नाही. ती नकाशापाशी, खिडक्यांच्या दिशेपाशी आणि सोसायटीच्या सामाईक मीटरपाशी सुरू करावी लागेल.

एक अडचणीचा प्रश्न मी टाळलेला नाही. सगळ्यांनी वीज वाचवली तर तारांचा आणि माणसांचा खर्च कमी युनिटांवर वाटला जाईल आणि दर वाढतील. मग वाचवायचे कशाला? प्रश्न खरा आहे. एसीवाल्याने छपरावर सौरपत्रे बसवले आणि त्याचे बिल शून्यावर आले, तर तारांचा बोजा पत्रे बसवायला छप्परच नसलेल्यावर सरकतो. याचे माझे उत्तर पुन्हा त्या शिखराशी येऊन थांबते. शिखराच्या तासातली बचत नवे वीजकेंद्र आणि नव्या तारा टाळते, तिचा फायदा सगळ्यांना होतो. इतर वेळची बचत ज्याची त्याला. म्हणून किती वाचवले याइतकेच केव्हा वाचवले हे विचारायला हवे. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी मुंबई अंधारली, लोकल जागच्या जागी थांबल्या. राज्याच्या इतर भागांतले भारनियमन फक्त ऐकून माहीत असलेल्या या शहराला त्या दिवशी कळले, की आपलीही वीज बाहेरून येणाऱ्या तारांवर लटकलेली आहे.

पुस्तकाची मांडणी साधी आहे. पहिल्या भागात तारेचा प्रवास, दुसऱ्यात दराचे गणित, तिसऱ्यात घरातल्या एकेका यंत्राचा हिशेब आणि चौथ्यात सोसायटीचा सामाईक मीटर. वाचताना कागद-पेन्सिल जवळ असावी. त्रैराशिकापलीकडचे गणित यात कुठेही नाही. दर वरचेवर बदलतात म्हणून रुपयांपेक्षा युनिटांत बोललो आहे.

वाचकांना एक विनंती. पहिले पान उलटण्याआधी घरातली दोन लाईटबिले शोधा, एक जानेवारीचे आणि एक मे महिन्याचे. दोन्हींतली युनिटे एकाखाली एक लिहा आणि वजाबाकी करा. येईल तो आकडा तुमच्या घरातल्या उकाड्याचा. तो पुस्तकाच्या पहिल्या पानाच्या कोपऱ्यात लिहून ठेवा. नंतर सोसायटीच्या सचिवाकडे सामाईक मीटरचे बिल मागा. ते आजवर कुणी मागितले नसेल, तर आमच्या जिन्यातला दिवा तुमच्याकडेही अजून जळतो आहे.